रंगरावची फाईल

उद्यमनगर. फौंड्रीमागची खोली,
चार जीबीचं मशीन.
माऊस हलवला की बाण निघतो
आणि चहा येईपर्यंत पोचतो.

"व्हायरस असंल," मुजावर म्हणाले.
लिनक्स आहे, म्हटलं.
"मग थंडीनं असंल."

काळी खिडकी उघडली. सगळ्यात वर
ब्राउझर नव्हता, कालच्या मॅचची बारा पानं उघडी असूनही.
वर होता फायलींची सूची करणारा,
ज्याला कुणी कधीच काही विचारलं नव्हतं.
तीन जीबी एकट्यानं खाऊन
बाकीच्यांना स्वॅपमध्ये ढकललेलं;
डिस्क करकरत होती, ओतकामाची वाळू चाळावी तशी.

मारला. उठला.
मारला. उठला, नवा नंबर घेऊन.

मग लॉग वाचत बसलो.
भट्टी उतरली, शिफ्ट सुटली,
दर चाळीस सेकंदांनी तेच नाव:
पंप_केसिंग_शेवटचं_खरंच_शेवटचं.
अर्धवट सेव्ह झालेली, तळ नसलेली फाईल.
वाचत जायचं, बुडायचं, पुन्हा पहिल्यापासून.

"ही रंगराव सुताराची."
मुजावरांनी खुर्ची ओढली.
"लाकडाचे पॅटर्न करायचा. साठीत माऊस धरला बघा.
त्या सांजंला लाईट गेली.
सकाळी यायचा होता."

काढून टाकू?

बराच वेळ नुसता पंखा.
"ऱ्हाऊ दे की. तुमचं ते वाचायचं तेवढं थांबवा."

फोल्डर वगळला. मशीन परत चालू केलं.
सातशे एमबी. बाण बोटाबरोबर पळायला लागला.

मी बॅग भरत होतो.
मुजावरांनी तोच फोल्डर उघडला,
आणि फाईलवर
दोनदा टिचकी मारली.