शीग

वाघबीळ ओलांडलं की एसटी दुसऱ्या गिअरमधून बाहेर येत नाही.
मांडीवर वजनांची पेटी,
मखमली खाचांत बसलेली पितळेची पिल्लं,
दोन किलोपासून एक ग्रॅमपर्यंत,
शेजारी शिक्का मारायची हातोडी.
वर्षातून एकदा मी पन्हाळ्यावर जातो,
तराजू खरं बोलतात का ते विचारायला.

स्टँडवर उतरलो तर गड नव्हताच.
ऑक्टोबरचं धुकं, आणि त्यात नुसते आवाज:
कोंबडा, पाण्याची मोटर,
खाली दरीत शीळकरी कस्तुर,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा
मजेत, बेसूर.

आदगोंडांच्या दुकानातला काटा
किलोमागं चौदा ग्रॅम मारत होता.
"धुक्यानं होतंय साहेब, हितं हवा बी वजन धरती."
मी दंडाची पावती फाडली,
त्यांनी चहा सांगितला.
दोघांनीही आपापलं काम केलं.

दुपारी अंबरखान्यात शिरलो.
गंगा, यमुना, सरस्वती.
कोठारांना नावं नद्यांची, आत दाणा नाही,
वटवाघळांचा उग्र वास,
आणि छताच्या भोकातून, जिथून कधी धान्य ओतायचे,
आता धुकं सावकाश खाली उतरत होतं.
सहलीतल्या एका मुलीनं वाटाड्याला विचारलं,
खंडी म्हणजे किती किलो?
तो म्हणाला, लई.
मला येत होतं उत्तर.
खंडीचे वीस मण, मणाच्या बारा पायल्या,
पायलीचे चार शेर, मग मापटं, चिपटं, कोळवं, निळवं,
दर गावात थोडं थोडं वेगळं.
आमच्याच खात्यानं ही सगळी मोडीत काढली.
मी गप्प राहिलो, भिंतीला हात लावला. ओली होती.

तीन दरवाजाच्या अलीकडं
प्लास्टिकच्या कागदाखाली फुलाबाई.
उकडलेल्या शेंगा, मीठ, एक पोचे पडलेलं मापटं.
तळाचा शिक्का अंगठ्यानं चाचपला,
साल झिजून गेलेलं.
बाई, हे माप चालत नाही.
"चालत न्हाई तर बसू दे की.
मी तरी कुठं चालतोय, गुडघं गेल्यात."

आणि तिनं ते भरलं.
काठापर्यंत, मग काठाच्या वर,
डाव्या तळव्याचा आडोसा धरून,
शेंगा ओघळायला लागेपर्यंत.
"चढून आल्यालं माणूस दमल्यालं असतंय.
त्येला काठाबरुबर दिऊन कसं भागंल?"

मी पेटी उघडली, हातकाटा धरला.
एकदा तीनशे दहा.
पुन्हा भरायला लावलं, तीनशे बेचाळीस.
तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं
आणि चारशेला काटा टेकला.
नियमात काठाची व्याख्या आहे.
काठाच्या वर जे उभं राहतं
त्याला कलम नाही, शिक्का नाही,
नुसता एक शब्द आहे आपल्याकडं,
तोही आता उत्सुकतेलाच वापरतात.

जप्तीचं पुस्तक काढलं.
दवानं कार्बन भिजला होता.
(वहीत तेवढंच लिहिलं: कार्बन भिजला.)

तटाशी उभा राहून शेंगा खाल्ल्या.
क्षणभर पश्चिमेला फट पडली,
मसाईच्या पठाराचा एक तुकडा दिसला,
सोनकीनं पिवळाधमक, एवढ्या लांबूनही,
खाली झाडीत काहीतरी काळं हललं,
गवा असेल, किंवा दगडाची सावली.
मग दरी पुन्हा भरत आली,
तटाच्या काठापर्यंत,
मग काठाच्या वर,
आणि ओघळून माझ्या चपलांवर.

शेवटच्या गाडीला कंडक्टरनं पेटीवर बोट ठेवलं,
किती वजन?
साडेसात किलो, मी म्हणालो, प्रमाणित.
त्यानं एका हातानं उचलून बघितली.
"जास्त लागतंय," म्हणाला,
आणि लगेज न फाडताच पुढं गेला.