आधार स्थिर

कुडाळच्या एमआयडीसीत, काजूच्या कारखान्यामागे
आमची कंपनी: दोन लेथ, एक वेल्डिंग मशीन,
मी, सत्यवान मेस्त्री, आणि हिशेबाला
आठवड्यातून तीनदा येणारी त्यांची सून.

जाळं ओढायच्या विंचचा ब्रॅकेट
तिसऱ्यांदा मोडून आला, तेव्हा मेस्त्री म्हणाले,
बारा मिलिमीटर होता, सोळाचा करू.
मी म्हटलं, थांबा, आधी बघू.

एवढं गणित झेपेल असा संगणक आमच्याकडे नाही.
जो आहे तो ड्रॉइंग उघडतानाच
फोंडाघाट चढणाऱ्या आंब्याच्या टेम्पोसारखा दम टाकतो.
म्हणून ब्रॅकेट पाठवला क्लाउडवर,
कुठल्यातरी थंड खोलीत, जी मी कधी पाहणार नाही,
बत्तीस कोअर, तासाच्या भाड्याने.
मेस्त्रींनी विचारलं, माल परत कधी येणार?
म्हटलं, माल जात नाही, आकार जातो.
ते बराच वेळ ब्रॅकेटकडे बघत राहिले.
तो टेबलावरच होता.

आधी जाळी विणायची.
लोखंडाचे त्रिकोण, त्रिकोणांत त्रिकोण,
वाकणापाशी बारीक, सपाटीवर मोठे.
पावलू फर्नांडिस, ज्याची होडी, खुर्चीमागे उभा होता.
म्हणाला, "ही तारल्याची, नि ही इसवणाची."

मग एक चौकट येते: आधार.
मी टिचकी मारली, स्थिर.

सव्वानऊला वीज गेली.
आम्ही तिघं काळोखात, डास मारत,
आणि तिकडे आमचा ब्रॅकेट ओढला जातोय,
परत परत, पूर्ण उजेडात.
मोबाइलवर चौसष्ट टक्के. मग सत्तर.

निकाल रंगीत आला. सगळं निळं,
वाकणावर फक्त टिकलीएवढं लाल.
"तांबडां कित्याक गो?"
म्हटलं, इथे ताण आहे. इथून मोडणार.
"थंयसर कधी मोडूक नाय. मोडता तां हंय."
आणि बोट ठेवलं गडद निळ्यावर,
मागच्या बोल्टाच्या भोकाशी,
जिथे गणिताच्या मते काहीच घडत नव्हतं.
"जाळां खडपाक अडाकता, होडी आडवी होता,
नि फळी हलता मां!"

फळी.
फळी मी काढलीच नव्हती.

मटेरियलच्या यादीत शोधलं:
स्टील दोनशे प्रकारचं,
लाकडात पाइन, ओक, बाल्सासुद्धा.
आईन नाही.
अकरा वर्षं खारं पाणी प्यायलेला आईन
कोण कशाला लिहून ठेवील?

दुसऱ्या दिवशी पावलूने स्कूटरला आडवी बांधून
जुन्या डेकची फळी आणली. वाटेत दोघांना लागली म्हणे.
मेस्त्रींनी दोन मीटरवर दोन विटा मांडल्या,
मध्ये सिमेंटची पिशवी, पन्नास किलो,
आणि उकिडवे बसून, एक डोळा मिटून,
पट्टी धरली. "आठ... नाय, नऊ. नऊ धर."
खडूने फळीवरच लिहिलं.
त्या नऊ मिलिमीटरचा मी आकडा केला
आणि यादीत नाव घातलं: आईन पावलू.

खात्यात एकोणीस मिनिटं उरली होती.
सतरात झालं.
लाल मागच्या भोकाशी सरकलं होतं.
पावलूला फोन केला. म्हणाला,
"माका ठावक होतां," आणि बर्फाच्या गाडीचं विचारू लागला.

बिल डॉलरमध्ये आलं.
सूनबाईंनी विचारलं, हे कशात टाकू,
कच्चा माल, वीज, की प्रवास?
शेवटी लिहिलं, भाडे, किरकोळ.

ब्रॅकेट बाराचाच राहिला. खाली रुंद पट्टी घातली,
बोल्ट चाराचे सहा केले.
तीन महिने झाले, परत आलेला नाही;
म्हणजे मोडला नसेल,
किंवा पावलूने तो मालवणात नेला असेल, कुणाकडे तरी.

फळी आमच्या दारामागे आहे.
पावलू ती मागत नाही,
मेस्त्री तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत.
सिमेंट मात्र सूनबाईंनी
घरच्या ओट्याला वापरलं.