तालीम, मिरज

गुरुवारी सातला चर्चमध्ये आम्ही अकरा जण.
पेटीची काळी चार मुकी झालीय, म्हणून
सतारमेकर गल्लीतून मुबारकभाई तंबोरा घेऊन आलेत.
त्यांचे पणजे तलवारींना धार लावायचे.
हे तारेखाली जिवाळीचा दोरा सरकवतात,
कान लावतात, मान हलवतात :
अजून नाही.

‘युद्ध’ या शब्दावर खर्जातले पुरुष हमखास चढतात.
शांतवन सर काठी आपटतात :
बातमी नाही वाचायची. मागायचंय.

शेवटची ओळ, ‘आम्हांला शांती दे’,
मार्थाबाईंच्या एकटीच्या वाट्याची.
त्यांचा प्रफुल्ल लेहहून पेटीतून आला.
दरवेळी त्या ‘आम्हांला’पाशी थांबतात.
सर ‘पुन्हा’ म्हणत नाहीत.
तंबोरा तेवढा चालू,
आम्ही दहा जण श्वास धरून.

मुबारकभाई दोरा
आणखी केसभर सरकवतात.