काडीएवढी फट

धायरीत माझा कारखाना.
कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन मशिनं, एक मदतनीस पोरगा
आणि घोट्यापर्यंत सनमायक्याचे तुकडे.
बावीस वर्षं लोकांना स्वयंपाकघरं बसवून दिली.
प्लाय कापायचा, पट्टी चिकटवायची, बिजागरी, हँडल, बिल.
लाकूड म्हणावं अशा कशाला हात लावला नाही.

खडकीला मुदलियार साहेबांनी बंगल्यामागची ताडपत्री ओढली
तर खाली ही.
पंधरा फुटी मोटारबोट,
नाव पुसलेलं, शेवटचा एक ‘ली’ तेवढा उरलेला.
इंजिन साहेबांच्या ओट्यावर, सुटं, वर्तमानपत्रावर मांडलेलं.
‘अंदर का सब निकालो,’ म्हणाले,
‘लेकिन प्यार से.’

पहिल्या दिवशी गुण्या लावला
आणि माझं मलाच हसू आलं.
बोटीत काटकोन नसतो.
एकसुद्धा नाही.
बाक तळाकडं कलतो, तळ नाळेकडं वळतो,
फळी शेजारच्या फळीला विचारून वाकते.
मग मिक्सरच्या खोक्यांचे पुठ्ठे आणले,
कातरत, लावून बघत, पुन्हा कातरत
शिंप्यासारखी तिच्या पोटाची मापं घेतली.
गुण्या महिनाभर पिशवीत झोपला होता.

जुनं व्हार्निश निघायला नऊ दिवस.
मशिन नाही लावलं. काचेच्या तुकड्यानं खरवडलं,
बाप खरवडायचा तसं, अंगठा दाबून.
खालून साग आला, कोऱ्या चहाच्या रंगाचा.
त्या रात्री ताट वाढताना बायको थांबली.
‘आज तुमच्या अंगाला मामंजींचा वास येतोय.’
मी काही बोललो नाही. भाकरी मोडली.

डाव्या बाकाच्या मागं,
जिथं कुणी बघायचं कारणच नव्हतं,
एक पाचर सापडली. आंब्याची.
कुणीतरी बोटभर आखूड कापलं होतं,
वर ठिगळ मारून चहाच्या पाण्यानं रंगवलं होतं,
सागात खपावं म्हणून.
रत्नागिरीकडचा असेल नाहीतर कारवारचा.
जेवायच्या सुट्टीआधी घाईत कापलं असणार,
मालक यायच्या आत झाकलं असणार.
साहेब म्हणाले, बदल.
म्हटलं, साठ वर्षं टिकलीय चूक, राहू द्या.
तिच्यावर पॉलिशचे दोन हात जास्तच मारले.

नवा तुकडा भवानी पेठेतून,
कुठल्याशा बराकीचं मोडलेलं दार, खिळ्यांच्या भोकांसकट.
पितळी स्क्रू बसवले, सगळ्यांच्या खाचा एका दिशेनं.
पोरगा म्हणाला, हे कोण बघणार?
(त्यालाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी
त्याच्या एका स्क्रूची खाच वाकडी दिसली,
न सांगता त्यानंच फिरवली.)

संगमाकडचा केरबा भोई एकदा येऊन
नुसता उकिडवा बसला, विडी संपेपर्यंत.
उठताना म्हणाला,
‘लाकूड पाणी पितं. त्याला प्यायला जागा ठेव.’
म्हणून कपाटाच्या दाराला, बाकाच्या फळ्यांना
आगपेटीच्या काडीएवढी फट सोडली सगळीकडं.
स्वयंपाकघरात एवढी फट दिसली असती
तर गिऱ्हाईकानं पैसे कापले असते.

मार्गशीर्षात काम संपलं.
नदी तिथून दोनशे पावलं.
आम्ही दोघं बघायला गेलो.
काठापासून काठापर्यंत जलपर्णी, अशी दाट
की कुत्रं चालत पलीकडं जाईल.
वर निवांत बगळे उभे.
‘पंखा अडकेगा,’ साहेब म्हणाले. मग म्हणाले, ‘अगले साल.’
गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते, असं त्यांची मुलगी सांगते.

परत आलो. ते शिडी लावून आत चढले,
ऐंशीचे आहेत, मी कोपर धरलं.
सुकाणूवर हात ठेवून बसले, समोर पेरूचं झाड.
मी मागच्या बाकावर.
बोट विटांवर उभी, रस्त्यानं एक ट्रक गेला
आणि कपाटाचं दार खडखडलं.

‘मिस्त्री, ये ढीला है.’

म्हटलं, पाण्यात उतरली की बसेल.