करंगळीएवढं

ताडपत्रावरची अक्षरं आधी दिसतच नाहीत.
सुरीनं नुसते ओरखडे काढलेले असतात.
पेकाक लोद्रा जाळलेल्या केमिरीची काजळी
अंगठ्यानं पानभर चोळतात, फडक्यानं पुसतात,
उरते ती ओळ.
"वाच," म्हणतात,
आणि कॉफीचा गाळ खाली बसायची वाट बघतात.

मी वाचते. भाषेचं नाव कवी,
पण मजकूर सगळा खांबांचा, वाशांचा,
जोतं किती उंच, देव्हारा डोंगराकडे किती सरकवायचा.
हस्त. मुष्टी.
हे शब्द म्हणे जहाजातून आले,
लवंगा न्यायला आलेले लोक इथंच विसरून गेले.
आता ते बालीचेच. आमच्यासारखेच हेल काढतात.

डेनपसारच्या कॉलेजात मला मीटर शिकवला.
मीटर चांगला आहे, कुणाशी भांडत नाही.
पण तो कुणाचाच हात नाही.
इथं घर मोजायचं घरधन्याच्या अंगानं:
हात पसरून उभा राहिला की त्याची वाव,
अंगठा वर करून मूठ आवळली की त्याची मुष्टी,
सगळ्या खुणा एका बांबूच्या काठीवर.
खांबाचा बुंधा खालीच हवा, झाड उभं होतं तसा.
उलटा रोवलात तर त्या घरात
माणसं रात्रभर पडल्याची स्वप्नं बघतात.
(हे पोथीत नाही. हे पेकाकांचं.)

आज अकरावं पान.
सगळं माप झालं की वर आणखी थोडं घालायचं.
त्या थोड्याला म्हणायचं पेंगुरिप,
जीव घालणारं.
नेमक्या मापाचं घर मेलेलं असतं.
किती घालायचं?
घरधन्याच्या उजव्या करंगळीच्या जाडीएवढं.

मी थांबले.

बापाच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती.
भाताच्या गिरणीच्या पट्ट्यानं नेली, लग्नाच्याही आधी.
बाजारात मी तोच हात धरायचे,
त्या रिकाम्या जागेत माझी मूठ बरोबर बसायची.

रात्री आढ्यावरून काठी उतरवली.
पांढऱ्या फडक्यात होती, कोळ्याच्या जाळ्यासकट.
बापाला समुद्रात सोडून सात वर्षं झाली,
आणि त्याची वाव तशीच, माझ्याहून वीतभर मोठी.
त्याची मूठ. त्याचा अंगठा.
मी एकेका खाचेवर नख फिरवलं.
शेवटची खाच बारीक.
फारच बारीक. गिरणीत पोती उचलणाऱ्याची नव्हेच.

"डावी चालली असती ना, पेकाक?"
"पोथीत उजवी आहे."
कॉफी संपली. कोंबडा दोनदा आरवला, कारण नसताना.
"तुझी आई तांदूळ पाखडत होती," ते म्हणाले.
"मी काही बोललो नव्हतो.
बांबू हातात धरून नुसता उभा होतो गाढवासारखा.
तिनं हात पदराला पुसला
आणि काठीवर ठेवला.
नक्कल करशील तेव्हा हे लिहू नकोस."

नक्कल अजून चालू आहे.
अकराव्या पानावर सुरी अडकते.

मेमेला मी काठी दाखवली.
ती अंगणात केळीच्या पानाचे द्रोण टोचत होती,
संध्याकाळच्या फुलांसाठी.
तिनं काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
म्हणाली, "म्हातारा फुटला तर."
मग करंगळी खाचेवर ठेवली.
बसेना. सांधे सुजलेत तिचे,
बोट दोन्हीकडून बाहेर.
"घर तेवढंच राहिलं," ती हसली,
"मीच वाढले."
आणि काठी माझ्याच मांडीवर सोडून उठली,
कारण डोंगराकडच्या देव्हाऱ्यात
उदबत्ती लावायची राहिली होती,
आणि वारा सुटला होता.