पाचव्या रात्रीचं पाणी

पाणी दोनला येणार, म्हणजे तीनला.
उंबऱ्यात बसलोय मी आणि पद्मजा,
मध्ये बादली, बादलीत पाईपचं तोंड.
भद्रावती पेठेत आज आमच्या गल्लीची पाळी,
दारोदार अशीच जागी माणसं,
उकाडा असा की लूम बंद असूनही
कानात खडखड चालूच.

"तुमच्या फोनात हे 'उचलू नको चार' कोण?"
तिनं नळाकडे बघतच विचारलं.

एक, दोन, तीन तिला ठाऊक होते.
चौथा मी फाल्गुनापासून लपवलेला.
शेठकडे उचल मागताना सरसावणारा हात
फोन उचलायची वेळ आली की लुळा पडतो.
आठ हजार पाचशे, म्हटलं. ॲपवरचे.
बसल्या जागी मिळाले होते.

ती गप्प. मग कानाला हात लावून म्हणाली,
हे पॉलिशचे आहेत. उगादीपासून.
खरे गहाण टाकलेत, चाळीस हजारांत.
श्रावणीची फी, तुमच्या आईचा डोळा,
आणि तुमचाच एक हप्ता.

दोन महिने मी त्या कानांसमोर जेवत होतो.

श्रावणीची मागच्या वर्षीची गणिताची वही आणली.
पुढच्या पानांवर चक्रवाढ व्याज,
खाली बाईंच्या लाल शाईत: छान.
मागच्या पानावर आम्ही.

आम्ही भांडतो मराठीत, पण मोजतो तेलुगूत.
ओकटी, रेंडू, मूडू,
तिच्या बोटांची पेरं, माझी पेन्सिल.
शेठची उचल बावीस हजार. गाडीचे राहिलेले एकतीस.
दुसरं ॲप चार हजार दोनशे.
गटाचं कर्ज सतरा हजार सहाशे, जे मला आत्ता कळलं.
वाण्याचे सहा हजार तीनशे चाळीस.
चाळीस पण लिहा, ती म्हणाली.

एक लाख एकोणतीस हजार सहाशे चाळीस.

मला हसूच आलं.
ज्याच्या भीतीनं वर्षभर
अशोक चौकातून जायचं टाळलं,
त्याला शेवटी चाळीस रुपयांची शेपटी.
मग आठवलं, मल्लिनाथकडून चहाच्या गाड्यावर घेतलेले पाचशे.
खोडलं. परत लिहिलं.

"आता?"
तिनं मोरीकडे मान वळवली.
निळं पिंप प्यायचं. काळं धुण्याचं.
घागरी स्वयंपाकाच्या.
चौथ्या दिवशी अंघोळ अर्ध्या बादलीत.
आणि कोपऱ्यात तो झाकलेला हंडा,
कुणी आलं-गेलं तर.
त्याला श्रावणीसुद्धा हात लावत नाही.

"पाच-पाच दिवस पाणी पुरवतोय की आपण.
मग शनिवारचा पगार मंगळवारी कोरडा कसा पडतो?"

पान उलटून तिनं गोल काढले,
वेडेवाकडे, पिंपांसारखे.
धान्य. वीज. हप्ते.
माझा मावा गोलांच्या बाहेर राहिला.
मी पेन्सिल मागितली, तिनं दिली नाही.
हंड्याचा गोल सगळ्यात लहान निघाला.
त्यात तिनं पन्नास लिहिले,
बघत बसली,
आणि पुसले नाहीत.

तेवढ्यात पाईप खोकला.
आधी नुसती हवा, मग तांबूस,
ते पहिलं सांडू दिलं.
उजाडेपर्यंत भरत होतो.

दहा वाजता कारखान्याच्या दारात फोन थरथरला.
उचलू नको चार.
मल्लिनाथ बघत होता, मी त्याच्याकडे पाठ केली नाही.
"हां, बोला. मीच, अंबादास येलदी.
नाही, आज नाहीत.
शनिवारी सातशे.
सातशेच.
घ्या, लिहून घ्या.
मी पण लिहिलंय."