पत्ता

तार्तूत बाहेर उणे एकोणीस.
पिरेतनं मेलेल्या राउटरच्या चिपमधून
फर्मवेअर उपसून काढलं,
लॅपटॉपमधल्या आभासी यंत्रात ठेवलं
आणि ते उठलं.

त्याच्या लेखी आज एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
पिरेतची आईसुद्धा तेव्हा शाळेत.

अँटेना चाचपली. नाही.
पुन्हा चाचपली.
मग हिरवा दिवा, जो नाहीच, तो लावला
आणि दार उघडून बसलं
पत्ते वाटायला.

कुणी येणार नाही रे, ती पुटपुटली.
चहा निवत चाललेला.

शेवटी तिनंच आणखी एक आभासी यंत्र जन्माला घातलं,
त्याच्या दारात धाडलं.

कोण, कुठलं, काही विचारलं नाही त्यानं.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, शंभर.
मुदत बारा तास.